न्यूयॉर्कमधील फायर डिस्ट्रिक्टचे वार्षिक अंदाजपत्रक: कसे बांधावे, कसे तपासावे आणि केव्हा बोलावे

न्यूयॉर्क राज्यातील एखाद्या उपनगरात घर घेतल्यानंतर काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) आणि टाउन (काउंटीचा स्थानिक उपविभाग) यांच्या करांचे पहिले बिल हाती येते, तेव्हा त्यात फायर डिस्ट्रिक्टच्या नावाने एक स्वतंत्र ओळ दिसते. महाराष्ट्रातून आलेला माणूस ती पाहून थोडा बुचकळ्यात पडतो. आपल्याकडे अग्निशमन दल हे नगरपालिकेचे किंवा महानगरपालिकेचे खाते असते, त्याचा खर्च पालिकेच्या अंदाजपत्रकात एका शीर्षाखाली येतो आणि राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीतही अग्निशमन सेवा हा विषय पालिकांच्या कामांच्या यादीत सातव्या क्रमांकावर आहे. न्यूयॉर्कमधील फायर डिस्ट्रिक्ट मात्र कोणाचे खाते नसते. ती स्वतःची निवडणूक, स्वतःचे अंदाजपत्रक आणि स्वतःचा कर असलेली स्वतंत्र स्थानिक संस्था असते आणि राज्यात अशा आठशेहून अधिक संस्था आहेत. येथील ‘डिस्ट्रिक्ट’ म्हणजे आपला जिल्हा नव्हे. तो कधी दोन-चार चौरस मैलांचा परिसर असतो, तर कधी एकाहून अधिक टाउनमध्ये पसरलेला असतो.

हे मार्गदर्शन दोन प्रकारच्या वाचकांसाठी आहे. पहिला वाचक अशा संस्थेच्या मंडळावर नव्याने निवडून आलेला किंवा निवडणूक लढवू पाहणारा आहे. दुसरा वाचक कर भरतो आणि आपला पैसा कोठे जातो, हे समजून घेऊ इच्छितो. दोघांनीही एक गोष्ट आरंभीच लक्षात घ्यावी. या अंदाजपत्रकाची जाहीर सुनावणी ऑक्टोबरात होत असली, तरी आकडे खऱ्या अर्थाने ठरतात ते जून ते सप्टेंबर या महिन्यांत, आणि त्यातील सर्वांत मोठा आकडा तर काही वर्षे आधीच, म्हणजे बंब केव्हा बदलायचा हे ठरते त्या दिवशी, निश्चित झालेला असतो. म्हणून ज्याला काही बदल घडवून आणायचा आहे, त्याने ऑक्टोबरची वाट पाहू नये.

आधी आपण कोठे राहतो ते पाहावे

न्यूयॉर्कमध्ये अग्निशमनाची व्यवस्था एकाच प्रकारची नाही. शहरे आणि बरीचशी व्हिलेज (टाउनमधील स्वतःचा कारभार असलेल्या लहान वस्त्या) स्वतःचे दल चालवतात आणि त्यांचा खर्च त्यांच्याच अंदाजपत्रकात असतो. काही ठिकाणी ‘फायर प्रोटेक्शन डिस्ट्रिक्ट’ असते. नाव जवळजवळ सारखे असले, तरी त्याला स्वतःचे मंडळ नसते. टाउन बोर्ड एखाद्या दलाशी करार करते आणि त्याचा खर्च त्या भागातील मिळकतींवर बसवते. तेथे तक्रार किंवा सूचना घेऊन टाउन बोर्डाकडेच जावे लागते. पुढील सर्व विवेचन तिसऱ्या प्रकाराविषयी, म्हणजे टाउन कायद्याच्या अकराव्या प्रकरणानुसार स्थापन झालेल्या खऱ्या फायर डिस्ट्रिक्टविषयी आहे. आपण कोणत्या प्रकारात राहतो, हे कराच्या बिलावरून न कळल्यास टाउन क्लार्कच्या कार्यालयात विचारावे.

मंडळ, अधिकारी आणि प्रमुख

डिस्ट्रिक्टचा कारभार ५ फायर कमिशनरांचे मंडळ पाहते. ‘कमिशनर’ या शब्दावरून आपल्या डोळ्यांसमोर शासनाने नेमलेला आयुक्त उभा राहतो, पण हे ५ जण मतदारांनी निवडलेले असतात. प्रत्येकाची मुदत ५ वर्षांची असते आणि मुदती एकमेकींपासून एकेका वर्षाच्या अंतराने संपत असल्यामुळे सामान्यतः दरवर्षी एक जागा रिकामी होते. या कामाला वेतन नाही, फक्त प्रत्यक्ष झालेला खर्च मिळतो. खजिनदार आणि चिटणीस मात्र मानधन घेऊ शकतात. खजिनदाराला पदाबद्दल हमी द्यावी लागते, कारण रोकड आणि बँकेची खाती त्याच्या ताब्यात असतात.

नव्या कमिशनराची मुदत १ जानेवारीला सुरू होते. त्याने पहिले काम शपथेचे करावे. मुदत सुरू झाल्यापासून ३० दिवसांच्या आत लेखी शपथ विहित ठिकाणी दाखल झाली नाही, तर जागा रिक्त समजली जाते. निवडून आल्यावर निव्वळ विसरण्यापायी पद गमावणे यासारखी दुःखाची गोष्ट नाही. त्याखेरीज पद स्वीकारल्यापासून २७० दिवसांत कायदेशीर, आर्थिक, खरेदीविषयक आणि नैतिक जबाबदाऱ्यांचे प्रशिक्षण पूर्ण करणे बंधनकारक आहे. ते शरद ऋतूपर्यंत लांबवण्यापेक्षा वसंतातच उरकावे, म्हणजे पहिल्या अंदाजपत्रकाला बसताना ते उपयोगी पडते.

दलाचा प्रमुख आणि मंडळ यांच्या अधिकारांची सीमारेषा नीट समजून घ्यावी, कारण बहुतेक वाद तेथेच होतात. आगीच्या जागी जवानांवर अधिकार प्रमुखाचा असतो आणि तेथे कोणत्याही कमिशनराने हुकूम सोडू नयेत. पैसा, इमारत, वाहने, करार आणि धोरण यांचा अधिकार मात्र मंडळाचा असतो, आणि तोही एकेका कमिशनराचा नसून रीतसर भरलेल्या सभेत बसलेल्या मंडळाचा असतो. ठराव संमत होण्यासाठी मंडळाच्या एकूण संख्येचे बहुमत, म्हणजे ३ मते लागतात. सभेला तिघेच हजर असतील, तर तिघांचेही मत अनुकूल असावे लागते आणि एखादी जागा रिकामी असल्याने ही संख्या कमी होत नाही.

उलट्या दिशेने आखलेले वेळापत्रक

आर्थिक वर्ष जानेवारी ते डिसेंबर असते. वेळापत्रक शेवटापासून मागे मोजत आखणे सोपे जाते. संमत अंदाजपत्रकाच्या प्रती टाउनच्या अंदाजपत्रक अधिकाऱ्याकडे ७ नोव्हेंबरपर्यंत पोहोचल्या पाहिजेत, म्हणून मंडळाने ते ४ नोव्हेंबरपर्यंत अंतिमतः संमत केलेले असले पाहिजे. त्याआधीची जाहीर सुनावणी ऑक्टोबरच्या तिसऱ्या मंगळवारी घ्यावी लागते, आणि सुनावणीपूर्वी किमान २१ दिवस मंडळाने प्रस्तावित अंदाजपत्रक स्वीकारलेले असावे लागते. २०२६ साली ऑक्टोबरचा तिसरा मंगळवार २० तारखेला येतो, म्हणजे त्या वर्षी प्रस्ताव २९ सप्टेंबरपर्यंत तयार हवा. सप्टेंबरच्या शेवटी आकडे पक्के हवेत, तर ऑगस्टमध्ये मंडळाची किमान एक कार्यसभा हवी, आणि त्या सभेला काही अर्थ यावा असे वाटत असेल, तर जूनमध्येच प्रमुखाकडून, वाहनांची देखभाल पाहणाऱ्याकडून आणि विम्याच्या दलालाकडून लेखी मागण्या व अंदाज मागवले पाहिजेत.

टाउन बोर्डाला या आकड्यांत बदल करण्याचा अधिकार नाही. टाउन केवळ ती रक्कम आपल्या करआकारणीत समाविष्ट करते, वसूल करते आणि डिस्ट्रिक्टच्या खजिनदाराकडे सुपूर्द करते. त्यामुळे “फायर डिस्ट्रिक्टचा कर का वाढला?” हा प्रश्न टाउन हॉलमध्ये जाऊन विचारणाऱ्या करदात्याला तेथून रिकाम्या हाताने परतावे लागते. मंडळाचे ५ जण सोडून या आकड्यावर कात्री चालवणारे दुसरे कोणी नाही, आणि म्हणूनच त्या पाचांची जबाबदारी मोठी आहे.

खर्चाची बाजू: बंबापासून सुरुवात करावी

गेल्या वर्षीचा आकडा घ्यायचा आणि त्यात थोडी भर घालायची, ही सवय सर्वत्र आढळते. ती टाकून द्यावी आणि मालमत्तेच्या यादीपासून सुरुवात करावी. एका कोऱ्या कागदावर प्रत्येक वाहन, त्याचे बांधणीचे वर्ष, बदलण्याचे अपेक्षित वर्ष आणि आजची अंदाजे किंमत लिहावी. राष्ट्रीय अग्निसुरक्षा संघटनेची, म्हणजे एनएफपीएची शिफारस अशी आहे की १५ वर्षांहून जुना बंब पहिल्या फळीतून काढून राखीव ठेवावा आणि २५ वर्षांहून जुना बंब सेवेतून काढावा. ही शिफारस आहे, सक्ती नाही, आणि वर्षाला थोड्याच वर्दींवर, म्हणजे मदतीच्या बोलावण्यांवर, जाणाऱ्या लहान दलाचा नीट सांभाळलेला बंब अधिक काळ चालूही शकतो. तरीही शिफारशीपासून दूर जायचे असल्यास त्याचे कारण आणि तपासणीचे अहवाल कागदावर असावेत.

आता एक काल्पनिक गणित मांडून पाहू. समजा, बंबाची आजची किंमत १० लाख डॉलर आहे आणि तो २० वर्षांनी बदलायचा आहे. सरळ भागाकार केला तर वर्षाला ५०,००० डॉलर बाजूला टाकले की काम झाले, असे वाटते. पण किंमत दरवर्षी ४ टक्क्यांनी वाढली, तर २० वर्षांनी तोच बंब जवळजवळ २२ लाख डॉलरला मिळेल आणि राखीव निधीत, व्याज सोडल्यास, त्याच्या निम्म्याहूनही कमी रक्कम असेल. गेल्या काही वर्षांत अग्निशमन वाहनांच्या किमती फार वेगाने वाढल्या आहेत आणि मागणी नोंदवल्यापासून वाहन प्रत्यक्ष मिळेपर्यंत अनेकदा दोन-तीन वर्षे जातात. म्हणून हा तक्ता दरवर्षी नव्या किमती घालून पुन्हा मांडावा. माझ्या मते अंदाजपत्रकातील सर्वांत महत्त्वाचे पान हेच असते, आणि कायदा ते मागत नसला तरी प्रत्येक मंडळाने ते अंदाजपत्रकाला जोडून प्रसिद्ध करावे.

त्यानंतर जवानांच्या अंगावरील साहित्य घ्यावे. अंगरखा, विजार, शिरस्त्राण यांसारखे संरक्षक साहित्य बनवल्याच्या तारखेपासून १० वर्षांनी निकालात काढावे, असे एनएफपीएचे मानक सांगते. दलात ४० सक्रिय जवान असतील, तर सरासरीने दरवर्षी ४ संच घ्यावे लागतात. हे न करता पाच वर्षे खरेदी पुढे ढकलली, तर सहाव्या वर्षी २०हून अधिक संचांचे बिल एकदम येते आणि त्या वर्षी करवाढीवाचून गत्यंतर राहत नाही. श्वसनयंत्रांच्या कंपोझिट (तंतूंचे वेष्टन असलेल्या) सिलिंडरांची दर ५ वर्षांनी दाबचाचणी करावी लागते आणि त्यांचे आयुष्य सामान्यतः १५ वर्षांचे असते. मुखवटा चेहऱ्यावर घट्ट बसतो की नाही, याची चाचणी दरवर्षी प्रत्येक जवानाची करावी लागते. होजपाइपांची आणि शिड्यांची वार्षिक चाचणीही यातच येते. एकेकटा आकडा लहान असला, तरी यांपैकी कशालाही कात्री लावू नये, कारण धुरात शिरणाऱ्या माणसाचा जीव त्यावर अवलंबून असतो.

विम्याची बाजू अशीच अटळ आहे. बहुतेक डिस्ट्रिक्टमधील जवान स्वयंसेवक असतात. त्यांना कामावर दुखापत झाल्यास स्वयंसेवक अग्निशामकांसाठीच्या राज्य कायद्यानुसार लाभ देणे डिस्ट्रिक्टवर बंधनकारक असते आणि त्याची तरतूद करावीच लागते. त्याशिवाय अनेक डिस्ट्रिक्ट स्वयंसेवकांसाठी सेवापुरस्कार योजना चालवतात. तिच्यात वर्षभरात वर्दी, सराव, प्रशिक्षण, सभा इत्यादींसाठी किमान ५० गुण मिळवणाऱ्याच्या नावे त्या वर्षाची सेवा जमा होते. अशी योजना मतदारांच्या मंजुरीनेच सुरू करता येते, आणि एकदा सुरू झाली की तिचा खर्च पुढच्या मंडळांच्याही गळ्यात राहतो. ती सुरू करण्यापूर्वी विमागणितज्ञाचा अंदाज नीट वाचावा. गावासाठी मध्यरात्री उठणाऱ्या माणसाला म्हातारपणी चार पैसे मिळावेत, ही भावना योग्यच आहे आणि नव्या स्वयंसेवकांची भरती अवघड झालेल्या या काळात तर या योजनेची गरज वाढली आहे. म्हणूनच दिलेला शब्द पाळता येईल, एवढ्याच रकमेचा तो द्यावा.

उत्पन्नाची बाजू आणि २ टक्क्यांची मर्यादा

उत्पन्नाचा जवळजवळ सगळा भार मिळकतकरावर असतो. त्याखेरीज बँकेचे व्याज, इतर भागांना करारावर सेवा दिल्याचे पैसे आणि जुने साहित्य विकून आलेली रक्कम असे किरकोळ स्रोत असतात. फायर डिस्ट्रिक्टच्या रुग्णवाहिका सेवेसाठी रुग्णाच्या विमा कंपनीकडून खर्च वसूल करण्याची मुभा २०२२ साली कायदा बदलून देण्यात आली. ज्या डिस्ट्रिक्टच्या बहुसंख्य वर्दी वैद्यकीय स्वरूपाच्या आहेत, त्यांच्यासाठी हा बदल मोलाचा आहे. केंद्र सरकारच्या फेमा या यंत्रणेकडून अग्निशमन दलांना साहित्यासाठी अनुदाने मिळतात. २०,००० पर्यंत लोकवस्तीला सेवा देणाऱ्या दलाला अनुदानाच्या ५ टक्के स्वतःचा वाटा घालावा लागतो. अनुदान मंजूर झाल्याचे पत्र हाती येईपर्यंत ती रक्कम उत्पन्नात धरू नये. आणखी एका पैशाविषयी गोंधळ होतो. राज्याबाहेरील विमा कंपन्या आगीच्या विम्याच्या हप्त्यांवर २ टक्के कर भरतात आणि त्याचा वाटा दलाच्या सदस्यांच्या संस्थेकडे येतो. तो पैसा डिस्ट्रिक्टचा नसल्यामुळे अंदाजपत्रकात घेऊ नये.

करवाढीला २०११ च्या कायद्याने मर्यादा घातली. ती २०१२ च्या आर्थिक वर्षापासून लागू झाली. एकूण करआकारणीची वाढ २ टक्के किंवा महागाईचा दर, यांपैकी जे कमी असेल त्याहून अधिक असू नये, असा तिचा गाभा आहे. नव्या बांधकामांमुळे वाढलेल्या करपायासाठी त्यात सवलत मिळते आणि गेल्या वर्षी न वापरलेली मर्यादा १.५ टक्क्यांपर्यंत पुढे ओढता येते. अंदाजपत्रक संमत करण्यापूर्वी हे गणित राज्याच्या कंट्रोलरकडे, म्हणजे मुख्य हिशेब अधिकाऱ्याकडे, पाठवावे लागते. मर्यादा ओलांडायची असल्यास मंडळाने आधी तसा स्वतंत्र ठराव एकूण मतशक्तीच्या ६० टक्क्यांनी संमत केला पाहिजे.

येथे थांबून विचार करावा. पाचांच्या मंडळात ६० टक्के म्हणजे नेमकी ३ मते, आणि साध्या ठरावालाही ३ च मते लागतात. याचा अर्थ फायर डिस्ट्रिक्टच्या बाबतीत ही मर्यादा ओलांडण्यासाठी नेहमीपेक्षा एकाही अधिक मताची गरज पडत नाही. मर्यादेचे खरे बळ मतांच्या संख्येत नसून स्वतंत्र ठराव घेण्याच्या आणि त्याचे कारण उघडपणे सांगण्याच्या सक्तीत आहे. म्हणून करदात्याने सभेच्या विषयपत्रिकेत हा ठराव आहे का, हे आवर्जून पाहावे. मंडळानेही तो वर्षाच्या सुरुवातीला ‘असू द्यावा जवळ’ म्हणून संमत करून ठेवू नये. आकडे समोर आल्यावर आणि गरज पडलीच तर तो घ्यावा, हे अधिक प्रामाणिक होय.

कराचा बोजा घरापर्यंत आणून पाहणे उपयुक्त ठरते. समजा, डिस्ट्रिक्टची एकूण करआकारणी १२ लाख डॉलर आहे आणि हद्दीतील मिळकतींचे करपात्र मूल्य ८० कोटी डॉलर आहे. दर १,००० डॉलर मूल्यामागे दीड डॉलर पडतो आणि ४ लाख डॉलरच्या घराला वर्षाला ६०० डॉलर कर येतो. आकारणी २ टक्क्यांनी, म्हणजे २४,००० डॉलरने वाढली, तर त्या घराला १२ डॉलर अधिक भरावे लागतील. मंडळाने असे कोष्टक दोन-तीन वेगवेगळ्या मूल्यांच्या घरांसाठी तयार करून सुनावणीच्या दिवशी वाटावे. डिस्ट्रिक्ट दोन टाउनमध्ये पसरलेले असेल, तर दोन्हीकडची मूल्यांकने समान पातळीवर आणण्यासाठी राज्याने ठरवलेला समीकरण दर वापरला जातो. त्यामुळे एकाच रस्त्याच्या दोन बाजूंना दर वेगळे दिसले, तरी तो अन्याय आहे असे लगेच मानू नये.

करमर्यादेखेरीज खर्चाचीही एक जुनी कायदेशीर मर्यादा आहे. ती मिळकतींच्या पूर्ण मूल्यावर बेतलेली असते. कर्जफेड, विमा, पगार अशा अनेक बाबी तिच्यातून वगळलेल्या आहेत. राहिलेला खर्च तिच्यापलीकडे जाणार असेल, तर मतदारांची मंजुरी लागते.

राखीव निधी आणि कर्ज

राखीव निधी म्हणजे मंडळाची गुप्त तिजोरी नव्हे. प्रत्येक निधीचा हेतू ठरावात लिहिलेला असतो आणि पैसा त्याच हेतूसाठी वापरावा लागतो. मोठ्या खरेदीसाठीच्या भांडवली निधीतून रक्कम काढण्याचा ठराव मागणीवरून घेतल्या जाणाऱ्या मतदानाच्या अधीन असतो. ठराव झाल्यानंतर ३० दिवसांच्या आत पुरेशा मतदारांनी सहीनिशी अर्ज केला, तर प्रश्न मतदानाला टाकावा लागतो, आणि अर्ज आला नाही तर ठराव आपोआप लागू होतो. ही सूचना वर्तमानपत्राच्या कायदेशीर जाहिरातींच्या बारीक अक्षरांत छापून येते. दुरुस्ती निधीतून खर्च करण्यापूर्वी, आणीबाणी वगळता, जाहीर सुनावणी घ्यावी लागते. बंबासाठी किंवा नव्या इमारतीसाठी रोखे काढायचे असतील, तर प्रश्न थेट मतदारांसमोर न्यावा लागतो.

बचत करून घ्यावे की कर्ज काढून, याचे एकच उत्तर नाही. माझा कल असा आहे की बंबासारखी ठरावीक काळाने बदलावी लागणारी वस्तू साठवलेल्या पैशातून घ्यावी आणि ५० वर्षे टिकणाऱ्या इमारतीसाठी कर्ज काढावे, म्हणजे तिचा लाभ घेणाऱ्या पुढच्या रहिवाशांनीही आपला वाटा उचलला असे होते.

सुनावणी आणि संमती

सुनावणीची सूचना किमान ५ दिवस आधी अधिकृत वर्तमानपत्रात, टाउन क्लार्कच्या फलकावर आणि डिस्ट्रिक्टच्या संकेतस्थळावर देण्यात येते. सुनावणीत कोणालाही अनुकूल वा प्रतिकूल बोलता येते. हे वाक्य आपल्या लोकांसाठी फार महत्त्वाचे आहे, कारण ग्रीन कार्डावर किंवा कामाच्या व्हिसावर असलेल्या अनेक मराठी कुटुंबांना मतदानाचा हक्क नसतो, पण ती कर भरतात आणि सुनावणीत उभे राहून बोलण्यास त्यांना नागरिकत्व आड येत नाही. मी बसलेल्या काही सुनावण्यांत मंडळ आणि दलाचे दोन-तीन सदस्य यांच्याखेरीज कोणीही नव्हते, आणि प्रश्नच न आल्याने सभा काही मिनिटांत संपली. अशा खोलीत एका माणसाने तयारीने विचारलेला प्रश्नही लक्षपूर्वक ऐकला जातो.

प्रश्न नेमके असावेत. गेल्या वर्षी या बाबीवर किती तरतूद होती आणि प्रत्यक्षात किती खर्च झाला, वर्षअखेर किती शिल्लक राहणार आहे आणि तिच्यातील किती रक्कम नव्या वर्षाच्या उत्पन्नात धरली आहे, पुढचा बंब केव्हा घेणार आणि त्यासाठी आज निधीत किती आहे, एवढे विचारले तरी अंदाजपत्रकाची प्रकृती कळते. शिल्लक दरवर्षी फुगत असेल, तर कर गरजेपेक्षा अधिक घेतला जात आहे. शिल्लक दरवर्षी घटत असेल आणि तिच्यावरच अंदाजपत्रक जुळवले जात असेल, तर दोन-तीन वर्षांनी एकदम मोठी करवाढ येणार, असे समजावे.

सुनावणीनंतर मंडळ आकड्यांत बदल करू शकते. ऐकून घेतले आणि जसेच्या तसे संमत केले, असे दरवर्षी घडत असेल, तर लोक येणे बंद होते.

वर्षभराची राखण

अंदाजपत्रक संमत झाल्यावर दर महिन्याला करायचे मुख्य काम म्हणजे देयकांची तपासणी. काही ठरावीक अपवाद सोडता कोणतेही देयक मंडळाने तपासून मंजूर केल्याशिवाय खजिनदाराने धनादेश काढू नये, असा नियम आहे. वीज, दूरध्वनी, टपाल अशा देयकांना, मंडळाने तसा ठराव केलेला असल्यास, आधी भरण्याची मुभा असते. तपासताना वस्तू खरोखर आली का, ती डिस्ट्रिक्टच्याच कामाची आहे का, दर ठरल्याप्रमाणे लावला आहे का आणि त्या बाबीत तरतूद शिल्लक आहे का, हे चारही प्रश्न प्रत्येक कागदाला विचारावेत. मंजुरीच्या यादीवर नजर न टाकता सही करणारा कमिशनर चांगल्या खजिनदारालाही संशयाच्या छायेत ढकलतो, कारण पुढे काही चुकले तर पहिले बोट त्याच्याकडेच जाते.

खजिनदाराने दर महिन्याला प्रत्येक खात्याची शिल्लक आणि तरतूद व खर्च यांची तुलना मंडळापुढे ठेवावी, आणि बँकेच्या पत्रकाशी केलेला मेळ धनादेशावर सही न करणाऱ्या कमिशनराने पाहावा. कायद्याने ठरवलेल्या रकमेपलीकडील खरेदीसाठी सीलबंद निविदा मागवाव्या लागतात आणि सर्वांत कमी दराच्या जबाबदार पुरवठादाराला काम द्यावे लागते. त्याखालील खरेदीसाठी मंडळाचे स्वतःचे लेखी धोरण असावे लागते आणि त्याचा दरवर्षी फेरआढावा घ्यावा लागतो. ज्या करारात कमिशनराचा वैयक्तिक लाभ असेल, त्याविषयी कायदा कडक आहे. गाव लहान असते, पुरवठादार ओळखीचा किंवा नात्यातला निघतो. अशा वेळी संबंध लेखी जाहीर करावा, चर्चेतून बाजूला व्हावे आणि वकिलाचा सल्ला घ्यावा. तसेच राज्याच्या घटनेतील आठव्या प्रकरणाचे पहिले कलम सार्वजनिक पैसा खासगी व्यक्तीला किंवा संस्थेला भेट देण्यास मनाई करते, हे दलाच्या समारंभांचे खर्च मंजूर करताना विसरू नये.

वर्ष संपल्यापासून ६० दिवसांत वार्षिक आर्थिक अहवाल कंट्रोलरकडे जातो, आणि ठरावीक मर्यादेहून अधिक उत्पन्न असलेल्या डिस्ट्रिक्टला स्वतंत्र लेखापालाकडून लेखापरीक्षण करून घ्यावे लागते. कंट्रोलरचे कार्यालय स्वतःही वेळोवेळी डिस्ट्रिक्टची तपासणी करून तिचे अहवाल सर्वांसाठी प्रसिद्ध करते. शेजारच्या डिस्ट्रिक्टवरील दोन-तीन अहवाल वाचले, तर कोठे चुका होतात, हे कोणत्याही प्रशिक्षणापेक्षा लवकर समजते.

सभा, कागदपत्रे आणि डिसेंबरची निवडणूक

मंडळाच्या सभा खुल्या असतात. बंद दाराआड जायचे असल्यास आधी खुल्या सभेत ठराव मांडून, कायद्यात दिलेल्या कारणांपैकी कोणते कारण आहे, हे सांगावे लागते, आणि पैशाच्या तरतुदीवरील मतदान तेथे करता येत नाही. चर्चेला येणारी कागदपत्रे शक्य तेथवर सभेपूर्वी किमान २४ तास उपलब्ध करून द्यायची असतात. तेथे न मिळालेला एखादा कागद हवा असेल, तर माहितीच्या हक्काच्या कायद्यानुसार चिटणीसाकडे लेखी अर्ज करावा. कामकाजाच्या ५ दिवसांत त्याची दखल घेणे बंधनकारक आहे. पहिल्या अर्जात तीन वर्षांची संमत अंदाजपत्रके, शेवटचा लेखापरीक्षण अहवाल आणि राखीव निधींच्या ठरावांच्या प्रती मागाव्यात. एवढ्या कागदांवरून पुष्कळ काही उमगते.

कमिशनरांची निवडणूक नोव्हेंबरच्या मोठ्या निवडणुकीबरोबर होत नाही. ती डिसेंबरच्या दुसऱ्या मंगळवारी, बहुधा अग्निशमन केंद्रातच, होते. २०२६ साली ती तारीख ८ डिसेंबर आहे. मतदान किमान संध्याकाळी ६ ते रात्री ९ या वेळेत खुले असावे लागते. ज्याचे नाव काउंटीच्या मतदार यादीत आहे आणि जो निवडणुकीपूर्वी किमान ३० दिवस डिस्ट्रिक्टच्या हद्दीत राहत आहे, त्याला मत देता येते. उमेदवाराने मतदानापूर्वी किमान २० दिवस आधी चिटणीसाकडे आपले नाव लेखी दाखल करावे, आणि मंडळाने तसा ठराव केलेला असल्यास त्यासोबत २५ मतदारांच्या सह्या जोडाव्यात. दलाचा जवान असण्याची अट नाही. हिशेबाची, बांधकामाची किंवा कराराची जाण असलेल्या रहिवाशाची मंडळाला अनेकदा जवानाइतकीच गरज असते. विचार असेल, तर आधी उन्हाळ्यातील दोन-तीन सभांना जाऊन मागच्या रांगेत बसावे, जुलैच्या सभेत वाहनांचा तक्ता मागावा आणि नाव दाखल करण्याची नेमकी तारीख चिटणीसाकडून लिहून घ्यावी.